सूर्याला लटकवलेलं वजन

दिवाळी उलटली की आमच्या सोसायटीत गादीवाला येतो. हातगाडीवर पिंजायचं यंत्र, दोन पोती, एक लांब काठी. पार्किंगच्या कोपऱ्यात बसून तो जुन्या गाद्या उसवतो, आतला घट्ट झालेला कापूस यंत्रात घालतो, आणि मग दुपारभर रुईचे तंतू उडत राहतात. शेजारच्या बाई धाडधाड खिडक्या लावून घेतात. त्यांना दमा आहे, त्यांचं बरोबरच आहे. मी मात्र तिसऱ्या मजल्यावरची माझी खिडकी सताड उघडते आणि यंत्राची ती घरघर ऐकत बसते. वय झालं की माणसं एकेक वेड पाळतात, माझं हे.

यंदा तो आला त्या दिवशी मी तशीच कारखान्यात गेले. आमच्या जोडणीच्या खोलीत जाताना टोपी घालावी लागते, पायात वेगळ्या चपला, हातात मोजे. धुळीचा कण आत गेला तर बोंब होते. आत एक इंजिनिअर मुलगी आहे, हुशार आहे, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या बाहीला कापूस. सगळे हसले. मी तो तंतू चिमटीत धरला आणि टाकायचा सोडून खिशात ठेवला. तेव्हा पुन्हा हसले.

मी काय काम करते हे माझ्या गावच्या, राळेगावच्या माणसाला सांगायची वेळ आली की मी सांगते, मोठ्या दुर्बिणी हलवायचे दांडे बनवते. कारखान्यात त्याला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. एक मोटर, तिला जोडलेला लांब स्क्रू, स्क्रूवरून पुढं-मागं सरकणारा नट, आणि नटाबरोबर आत-बाहेर होणारा दांडा. एवढंच. दुर्बिणीचा आरसा दोन बैलबंड्यांएवढा रुंद असला तरी त्याला केसाच्या जाडीपेक्षा कमी हलवायचं असतं, आणि हलवून तिथंच धरून ठेवायचं असतं. हलवणं सोपं. धरून ठेवण्यातच जन्म जातो. माझा गेला.

त्याच दिवशी त्या मुलीनं एक सूचना मांडली. दांड्यात आम्ही एक जाडजूड स्प्रिंग बसवतो, ती काढून टाकू, म्हणजे वजन घटेल, मोटर लहान चालेल. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, कारण? मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. असं मी सहसा बोलत नाही. खोलीत एकदम शांतता झाली. मला त्या शांततेची चांगली ओळख आहे. तशीच एक शांतता मी एका हंगामात पूर्ण चार महिने ऐकली होती.

आमच्या राळेगावात दसरा झाला की जिन सुरू व्हायची. कापसातून सरकी वेगळी करणारी ती यंत्रं, ओळीनं बसवलेली, एकदा चालू झाली की होळीपर्यंत थांबत नसत. गावावर एक जाड, खर्जातली घूं पसरून राही. आम्हाला ती ऐकूही येत नसे, इतकी सवय. माझे अब्बा, रहमान मिस्त्री, त्या जिनमध्ये फिटर होते. जेवता जेवता त्यांचा घास थांबायचा. मान तिरपी करून ते म्हणत, चार नंबरची पट्टी घासून राह्यली. आणि अर्धं जेवण टाकून सायकलला टांग मारत. अम्मी होती तोवर ती त्यांचं ताट झाकून ठेवी. अम्मी गेल्यावर मी झाकत असे. घरात आम्ही उर्दू-हिंदीची खिचडी बोलायचो, पण यंत्राची गोष्ट निघाली की अब्बा वऱ्हाडीत शिरत. लाड उर्दूत, काम वऱ्हाडीत, अशी त्यांची वाटणी होती.

त्या वर्षी दसरा झाला आणि जिन सुरू झाली नाही.

सरकारनं कापूस घ्यायची जुनी पद्धत मोडीत निघाली होती, भाव पडला होता, ज्याच्या घरात जो काही कापूस आला तो व्यापाऱ्यांच्या ट्रकनं परस्पर दुसरीकडं चालला होता. शेटजींनी फाटकाला कुलूप घातलं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणानं. ते मी इथं उगाळत नाही, लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. माझा बाप शेतकरी नव्हता. त्याच्यावर कुणी काही लिहिलं नाही.

अब्बा काय करत? सकाळी नेहमीच्या वेळेला डबा घेत, सायकल काढत आणि जिनच्या फाटकाशी जात. तिथं चौकीदाराच्या खाटेवर बसत. दुपारी डबा खात. संध्याकाळी परत येत. कुणी विचारलं, काहून हो मिस्त्री, कुठं गेलते, तर म्हणत, ड्युटीवर. घरी आले की पान्यांची पिशवी उलटी करून एकेक पाना तेलाच्या फडक्यानं पुसत. कालच पुसलेला पाना आज पुन्हा. त्यांचे हात थरथरायला लागले होते. पन्नाशीतल्या माणसाचे हात, ज्यांनी कधी मापात चूक केली नाही, ते चहाची बशी धरताना थरथरत. मला दुसरं काही नको होतं. कुणी तरी या माणसाच्या हातात काही तरी काम द्यावं, एवढंच मला वाटे. आणि ते देणं कुणाच्याही हातात नव्हतं, असं मी समजत होते.

माझ्या हातात मात्र काम होतं. यवतमाळला डिप्लोमा केलेली मी गावातली एकच पोरगी, आणि एका संशोधन संस्थेनं त्याच हंगामात एक केंद्र आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर उभारलं होतं. गाजावाजा नाही, गर्दी नाही, आणि वीज दिवसातून बारा तास नसल्यानं विजेची खरखरही नाही, म्हणून त्यांना आमची टेकडी पसंत पडली. आमच्या हालअपेष्टांचा कुणाला तरी उपयोग झाला तो असा. टेकडीवर वीस फुटांची जाळीची ताटली, ती फिरवायला दोन दांडे, ट्रकच्या बॅटऱ्या, आणि एक पत्र्याची खोली. ताटलीनं सकाळपासून संध्याकाळपर्यंत सूर्याकडं तोंड धरायचं, सूर्यातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडायच्या, आणि मी आकडे लिहायचे. मी एकटी. सर लोक यंत्र बसवून निघून गेले होते.

गावाला वाटे ही केबलची छत्री आहे. केबलवाल्याच्या गच्चीवर असाच दांडा लावलेली छत्री होतीच की. कापूस वेचायला निघालेल्या बाया टेकडीखालून जात. कमरेला ओटीचं फडकं बांधलेलं, हातात भाकरीचं गाठोडं. वर पाहून ओरडत, नसीम, आज पिक्चर कोणता लावून राह्यली वो? मी म्हणे, सूर्याचा. त्या म्हणत, तो तं आमी रोजच पाह्यतो बाप्पा, फुकटात. मग त्या पळसांच्या आड होत आणि दिवसभर माझ्याशी बोलायला कुणी नसे. ताटली दर काही सेकंदांनी टक् करून तसूभर सरके. मी त्या टक्‌ची वाट पाहत बसे. एकटेपणात माणूस कशाची वाट पाहील सांगता येत नाही.

आणि ती ताटली चुकत होती. सकाळी सूर्य बरोबर मधोमध सापडे. माध्यान्ह कलली की सूर्य अर्ध्या सूर्याइतका सरकलेला मिळे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बरोबर, दुपारनंतर पुन्हा चूक. मी मोटर तपासली, तारा तपासल्या, गणितं चारदा केली. घड्याळावर संशय घेतला. एक दिवस तर सूर्यावरही घेतला. मग एसटीडी बूथवरून सरांना फोन केला. सर वाईट नव्हते, पण मोजकं बोलत. म्हणाले, संक्रांतीच्या आधी येतो, तोवर सकाळ-दुपारचा ताळमेळ बसला तर ठीक, नाही तर हे केंद्र गुंडाळावं लागेल. केंद्र गुंडाळलं म्हणजे मीही गुंडाळले गेले, हे सांगायची गरज नव्हती.

अब्बांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. का? तर लाज. जिनचा फिटर आणि सूर्याची दुर्बीण, यांचा काय संबंध? डिप्लोमा झाला की माणसाच्या डोक्यात पहिली हवा शिरते ती अशी. पण एका संध्याकाळी एकाच ताटात जेवताना ते म्हणाले, बेटा, तू आजकल घास गिन-गिनके खाती. तेव्हा मी सगळं ओकले. ते ऐकत राहिले. मग वऱ्हाडीत शिरले, म्हणजे प्रकरण त्यांनी हातात घेतलं.

“सकाळी बरोबर अन् दुपारी चूक, असंच ना? मंग यंत्र खराब नाई. फट हाये कुठंतरी.”

मी म्हटलं, नट आणि स्क्रूमध्ये थोडी फट असतेच, बाजरीच्या दाण्याएवढी, सगळ्याच दांड्यांत असते.

“रिकामी बंडी काहून वाजते?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, रिकामी असते म्हणून.

“अन् भरली बंडी वाजते काय? नाई वाजत. चाकात, आसात फट तेवढीच राह्यते. पण ओझं असलं का ते एका बाजूले दाबून राह्यते, हलायले जागा नाई भेटत. तुही ताटली सकाळी इकडं झुकते, दुपारी तिकडं झुकते. मंग नट कधी या बाजूले, कधी त्या बाजूले. त्याले ओझं दे.”

घास माझ्या हातात तसाच राहिला. तीन आठवडे मी चार वह्या भरल्या होत्या, आणि या माणसानं वरण-भात कालवता कालवता ते सोडवलं होतं. पुढं ते असंही म्हणाले की जिनमध्ये सरकी अडवणारी लोखंडी पट्टी कापूस ओढणाऱ्या रोलरला चिकटून राहावी म्हणून ते वर्षानुवर्षं तिला वजनच लटकवत आले आहेत. रोलर झिजतो, पण वजन असलं की पट्टी मागं हटत नाही. मग ताटाकडं बघत म्हणाले, माणसाचंही तेच हाये. ते वाक्य त्यांनी मला उद्देशून टाकलं नव्हतं, मला हे तेव्हाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ते सायकल हाताशी धरून टेकडी चढताना दिसले. कॅरियरला गोणपाटात बांधलेलं काही तरी जड होतं. जिनच्या काट्यावरचं वीस किलोचं लोखंडी वजन. ज्या वजनावर गावाचा कापूस तोलला जाई ते या हंगामात नुसतं पडून होतं, मुनीमजीला सांगून मागून आणलं. त्यांनी ते रॉकेलनं घासून स्वच्छ केलं होतं. विहिरीचं एक जुनं चाकही होतं आणि सुती दोर.

फाटकावर पाटी होती. परवानगीशिवाय बाहेरच्या माणसास आत प्रवेश नाही. त्या नियमाखाली मी सही केलेली होती. अब्बा पाटीसमोर थांबले, वाचली, आणि मुकाट उभे राहिले. वाचता येणाऱ्या माणसाचा हा तोटा. मी कुलूप काढलं.

तो दिवस मी आयुष्यात पुन्हा पुन्हा जगले आहे. अब्बांनी आधी ताटलीभोवती दोन फेऱ्या मारल्या, गायीभोवती मारावी तशा. दांड्यावर तळहात ठेवला आणि मला म्हणाले, हालव. मी मोटर चालू केली. उलटी फिरव. मी उलटी फिरवली. त्यांच्या तळहाताला ती फट कळली, चेहऱ्यावर दिसलं. मग ताटलीच्या कडेला दोर बांधला, पूर्वेकडच्या खांबाला चाक, चाकावरून दोर खाली, आणि दोराला वजन. आता ताटली कुठंही झुको, वजन तिला दिवसभर एकाच बाजूला ओढून धरणार होतं. गाठ मारताना त्यांचे हात पाहिले मी. थरथरत नव्हते.

दुपार कलली. सूर्य मधोमध सापडला.

मी पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा. अब्बा पळसाच्या सावलीत बसून बिडी पीत होते, विचारतसुद्धा नव्हते. मी जाऊन त्यांच्याजवळ बसले आणि मला रडू आलं. ते म्हणाले, रोती काहे को, पगली, वीस किलो का तो मामला था.

मग मी त्यांना खोलीत नेलं आणि स्पीकर लावून दिला. सूर्याच्या लहरींचा आवाज करून ऐकता येतो, एक अखंड सूं, तिच्यात मधूनच चढ-उतार. सर म्हणत तो नुसता गोंगाट, त्यात ऐकण्यासारखं काही नाही. अब्बा स्पीकरजवळ गेले. मान तिरपी केली. घास थांबवून ऐकत तसं ऐकू लागले. मग हळूच म्हणाले, “जिन चालू हाये.”

त्यानंतर अब्बा रोज टेकडीवर येऊ लागले. फाटकाशी चौकीदाराच्या खाटेवर बसणं बंद. डबा दोघांचा एकच. सकाळी दोराचा पीळ बघायचे, चाकाला तेलाचा थेंब सोडायचे, आणि मग खोलीच्या दाराशी पाय पसरून सूर्य ऐकायचे. एखाद्या दिवशी आवाज वाढला की म्हणत, आज माल जास्त आला दिसते. वेचणीच्या बाया खालून विचारत, मिस्त्री, तुमी बी केबलवाले झाले काय? ते रुबाबात हात हलवत. किती दिवस चाललं हे? वीसएक दिवस असतील. हंगामाचे वीस दिवस. माझ्या आयुष्यात मी एकटी नव्हते असे दिवस मोजायचे झाले तर मी हेच मोजीन.

संक्रांत जवळ आली तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. नियम मोडला होता, आणि तोही सख्ख्या बापाला आत घेऊन. सर लोक म्हणतील, सरकारी यंत्रावर घरची माणसं आणून बसवते. नोकरी जाईल. म्हणून आदल्या संध्याकाळी मी अब्बांना म्हटलं, उद्या तुम्ही येऊ नका, आणि आलात तर सांगू नका तुम्ही माझे कोण. मी हे बोलले. हेच शब्द. ते म्हणाले, अच्छा. आणि पाने पुसायला बसले, कित्येक दिवसांनी.

तरी ते आले. दोर एका जागी झिजून विरला होता, तो बदलायचा राहिला होता, म्हणून आले. सर लोकांची जीप उभी होती तेव्हा ते चाकापाशी वाकून नवा दोर ओवत होते. सरांनी वह्या चाळल्या. सकाळ-दुपार, सकाळ-दुपार, सगळे आकडे जुळलेले. सर बाहेर आले, वजनाकडं बघितलं, दोराकडं बघितलं, आणि मोठ्यानं हसले. खूश होऊन हसले. मोजकं बोलणारा तो माणूस म्हणाला, “वा! हे कुणाला सुचलं?”

प्रश्न साधा होता. उत्तर माझ्यापासून चार हातांवर दोर धरून उभं होतं. मी अब्बांकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताटलीकडं बघायला लागले.

“मॅडमनं सांगतलं,” अब्बा म्हणाले. “मी नुसतं लटकोलं.”

त्यांच्या तोंडून मी बेटा ऐकलं होतं, पगली ऐकलं होतं, रागात नाव ऐकलं होतं. मॅडम ते एकदाच म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी सांगितलं तसं त्यांनी केलं होतं, फिटरनं सांगितलेलं काम करावं तसं, नीट, मापात. आता कारखान्यात दिवसातून शंभर वेळा मला मॅडम म्हणतात. शंभरातल्या एखाद्या वेळी तरी मी दचकतेच.

आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. नियम होता, वय लहान होतं, भीती होती, हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. पण जीपपाशी निघताना सर म्हणाले, इथं देखभालीला एक स्थानिक माणूस कायमचा ठेवायचा आहे, हाताला अक्कल असलेला कुणी मिस्त्री आहे का तुमच्या माहितीत? अब्बा तेव्हा उतारावरून सायकल धरून खाली चालले होते, पाठमोरे. मी त्या पाठीकडं बघत होते. आता नाव घ्यावं तर सर विचारणार, हाच ना तो मघाचा, हा कोण? आणि मग सकाळपासूनचं सगळंच उलगडणार. मी म्हटलं, बघून सांगते, सर.

बघून सांगते. बाप समोर दिसत असताना.

मला नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं, पण इथं नाही, संस्थेच्या लांबच्या कारखान्यात. केंद्रावर दुसरा एक पोरगा आला आणि देखभालीला यवतमाळहून कुणी तरी. त्यांनी पाटीवरचा नियम पाळला, अब्बांना आत घेतलं नाही, चूक त्यांची नाही. निघायच्या दिवशी अब्बा एसटीपर्यंत आले. माझी पेटी टपावर चढवली, दोरी आवळली, हलते का बघितलं. बस निघाली तेव्हा जिनच्या फाटकाकडं वळलेली त्यांची सायकल मागच्या काचेतून दिसली.

मग वर्षं गेली. मी कधी राळेगावच्या शेजारणीकडं, सुमनकाकूंकडं, फोन करी; त्या भिंतीवरून हाक मारत आणि अब्बा येत. दर वेळी पहिला प्रश्न तोच, सूर्य कसा हाये? मी म्हणे, बरा आहे. मी आता आरशांवर काम करते, सूर्यावर नाही, हे त्यांना कधी सांगितलं नाही. त्या दिवसाचं ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. दर फोनला वाटे, आज म्हणू. मग रेंज जाई, किंवा त्यांचा खोकला येई, किंवा मीच म्हणे, ठेवते. एका श्रावणात काकूंचाच फोन आला. मी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं, कुणालाही न भेटता मी कबरीवरूनच परत फिरले.

तर ती स्प्रिंग. ती काढली की दांडा हलका होतो, मोटर लहान चालते, सगळं खरं. पण स्प्रिंग दिवसरात्र नटाला एका बाजूला दाबून धरते, त्याला डुलायला जागा देत नाही. अब्बांचं वीस किलो. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हे समजावलं. तिला पटलं. जाता जाता तिनं विचारलं, मॅडम, हे तुम्हाला पहिल्यांदा कुठं सुचलं? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. आणि घरी येऊन रजेचा अर्ज लिहिला.

राळेगावात आता जिन चालू आहे. दुसऱ्या मालकाची, नवी यंत्रं, आवाज थोडा पातळ, पण आहे. एसटीतून उतरले आणि तो ऐकून पाय तिथंच थांबले. बाया अजून ओटी बांधून वेचायला जातात, फक्त आता टेंपोतून. टेकडीवर गेले. ताटली कधीच नेली, काँक्रीटचा चौथरा आणि पूर्वेचा खांब तेवढा उरलाय. पळस जागेवर आहे. तिथं मी बराच वेळ बसले. ऐकायला काही नव्हतं.

आमचं घर आता दुसऱ्यांचं आहे, म्हणून काकूंकडं उतरले. काकू ऐंशीच्या पुढं, पाठीतून वाकलेल्या, पण जीभ सरळ. दारातच मला ठेच लागली. खाली पाहिलं. उघड्या दाराला टेकवून ठेवलेलं, कडा गुळगुळीत झालेलं वीस किलोचं वजन.

काकूंनी सगळं सांगितलं. टेकडीवरचं केंद्र बंद झालं, सामान ट्रकात चढलं, तेव्हा मिस्त्री सायकल घेऊन गेले आणि एवढं वजन मागून आणलं. जिनवाल्यांना परत द्यायला गेले तर त्यांनीच म्हटलं, ठेवा मिस्त्री. मग ते दारात ठेवलेलं असे. गल्लीतलं कोणी आलं, पाव्हणा आला, की मिस्त्री त्याला ते दाखवत. म्हणत, हे माह्या पोरीचं वजन हाये. सगळे सायेब लोक हारले, अन् माह्या पोरीनं याच्यावर सूर्य एका जागी धरून ठेवला. मोठमोठे सायेब पाह्यत राह्यले. जाताना त्यांनी ते काकूंच्या हवाली केलं, पोरगी आली का द्या म्हणून.

मी खाली बसले. वजनावर हात ठेवला. थंड होतं.

“काकू,” मी म्हटलं, “ते मले नव्हतं सुचलं. अब्बाले सुचलं होतं. मी काहीच केलं नव्हतं.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं. जणू सर अजून समोर उत्तराची वाट बघत उभे होते.

काकू हसल्या. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“बापावरच गेली तू,” त्या म्हणाल्या. “तोही असाच. कोणी म्हटलं ना का मिस्त्री, हे तुमचंच डोकं असंन, तं म्हणे, नाई बाप्पा, मी काई केलं नाई, पोरीनं केलं.”

मी पुन्हा सांगितलं. काकू मान डोलवत चहा ठेवायला उठल्या. तिसऱ्यांदा सांगायला कुणी उरलं नव्हतं. मग मी ते वजन उचलायला गेले, न्यायचं म्हणून, माझं म्हणून नाही, त्यांचं म्हणून. दोन्ही हातांनी जेमतेम वीतभर उचललं गेलं. तेवढ्यात वारा आला आणि दार चौकटीवर आपटायला लागलं.

काकू आतूनच म्हणाल्या, “राहू दे वो नसीम तिथंच. ते नसलं का दार वाजते.”

मी वजन परत दाराला लावलं. दार वाजायचं थांबलं. लांबून जिनचा आवाज येत होता, आणि मी चहा येईपर्यंत तिथंच उंबऱ्यावर बसून राहिले.